पाव्हलॉव्ह, त्यांचे कुत्रे आणि लेनिनग्राडचा महापूर

कोल्हापूरकरांना पुराचे आकडे तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. शिवाजी पेठेतून पंचगंगा घाट चालत जाण्याइतका जवळ. त्यामुळे पाणी चढायला लागलं की पेठेतली माणसं आधी पूर बघायला जातात आणि पाणी वस्तीत शिरलं की मदतीला जातात. आकडे रोजच्या रोज कळतात. पण पाणी ओसरल्यावर जे उरतं ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

समजा, एकाच गल्लीतली दोन माणसं आहेत. एकाच रात्री, एकाच बोटीतून दोघांना बाहेर काढलं. पहिला आठवड्याभरात चिखल उपसून दुकान उघडतो. दुसऱ्याला पुढच्या जूनमध्ये पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की झोप लागत नाही. पाणी दोघांच्याही घरात तेवढंच शिरलं होतं. मग फरक कुठून आला? पहिला धीराचा आणि दुसरा भित्रा, असं म्हणून आपण विषय संपवतो.

या प्रश्नावर प्रयोगशाळेत पद्धतशीर काम करणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांमध्ये एक नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे, ते म्हणजे इव्हान पाव्हलॉव्ह. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, एवढ्यावर त्यांची ओळख शालेय पुस्तकात संपते. प्रत्यक्षात आयुष्याची शेवटची बारा-पंधरा वर्षं ते वेगळ्याच गोष्टीचा शोध घेत होते. एकाच धक्क्याने एक कुत्रा मोडून पडतो आणि शेजारचा शाबूत राहतो, हे का घडतं? आणि या शोधाला धार आली ती एका महापुरामुळे.

पाद्र्याचा मुलगा

पाव्हलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रियाझान शहरात झाला. वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे पाद्री होते. घरात मुलं पुष्कळ आणि पैसा बेताचा. लहानपणी इव्हान उंचावरून दगडी जमिनीवर पडला आणि बरेच दिवस आजारी राहिला. त्यामुळे शाळेत गेला तो अकराव्या वर्षी. पाद्र्याच्या मुलाने पाद्री व्हायचं हा तिथला रिवाज असल्याने त्याला धर्मशाळेत घातलं गेलं.

पण १८६० च्या दशकातल्या रशियात नव्या विचारांचं वारं सुटलं होतं. इव्हान सेचेनॉव्ह या शरीरशास्त्रज्ञाने मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर १८६३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. विचार आणि भावना म्हणजेदेखील शेवटी मज्जासंस्थेचं कामच आहे, अशी त्याची मांडणी होती. धर्मशाळेतल्या तरुण इव्हानवर या पुस्तकाचा पगडा बसला. १८७० मध्ये धर्मशिक्षण सोडून तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला. त्यानंतर त्याने वैद्यकीची पदवी घेतली आणि १८८३ मध्ये हृदयाच्या मज्जातंतूंवर प्रबंध लिहिला.

पुढची काही वर्षं ओढगस्तीची गेली. १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी लग्न झालं होतं, पण स्वतंत्र घर चालवायची ऐपत नव्हती. पहिला मुलगा लहानपणीच दगावला. स्थिर नोकरी मिळेपर्यंत पाव्हलॉव्ह यांनी चाळिशी गाठली होती. १८९० मध्ये त्यांना लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकाची जागा मिळाली आणि लगेच १८९१ मध्ये नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत स्वतःचा विभागही मिळाला.

तिथे त्यांनी पचनावर काम केलं. तोपर्यंत प्राण्याला चिरून, तो मरायच्या आत जे दिसेल ते टिपून घ्यायचं, अशी पद्धत होती. पाव्हलॉव्ह कुत्र्यावर शस्त्रक्रिया करून पोटाला किंवा गालाला एक कायमची वाट ठेवत, जखम भरू देत आणि मग त्याच कुत्र्याचा महिनोन्‌महिने अभ्यास करत. संस्थेत कुत्र्यांचा जठररस गोळा करून तो अपचनावरचं औषध म्हणून विकलाही जात असे. या कामासाठी १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन.

कुत्र्यांच्या वाट्याला काय आलं हे विसरून हा भाग वाचता येत नाही. पाव्हलॉव्ह कुत्र्यांची निगा राखत, त्यांना नावं देत, शस्त्रक्रिया भूल देऊन करत. पण आजच्या नियमांत बसणार नाहीत असे कितीतरी प्रयोग त्यांच्या प्रयोगशाळेत झाले आणि पुढे ज्या धक्क्यांबद्दल सांगायचं आहे त्यांतले बरेचसे मुद्दाम दिलेले होते.

लाळेपासून मनापर्यंत

पचनाचा अभ्यास करताना एक अडचण वारंवार यायची. अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्याला लाळ सुटायची. कधी भांडं दिसल्यावर, तर कधी अन्न आणणाऱ्या माणसाची पावलं वाजल्यावर. दुसऱ्या एखाद्या संशोधकाने हा व्यत्यय म्हणून सोडून दिला असता. पाव्हलॉव्ह यांनी पन्नाशी ओलांडल्यावर आपला सगळा मोर्चा तिकडे वळवला. अन्नाशी काहीही संबंध नसलेली खूण, उदाहरणार्थ मेट्रोनोमची टिकटिक, अन्नाबरोबर पुन्हा पुन्हा जोडली की नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटते. मराठी पुस्तकांत याला अभिसंधान म्हणतात. घंटा मात्र उगाच प्रसिद्ध झाली. त्यांच्या प्रयोगांत मेट्रोनोम, बझर, दिवे, त्वचेला होणारे स्पर्श यांचा वापर कितीतरी जास्त होता.

लाळेचे थेंब मोजता येतात, ही यातली खरी सोय होती. कुत्र्याच्या मनात काय चाललं आहे याचा अंदाज करत बसायची गरज नव्हती. त्या थेंबांवरून पाव्हलॉव्ह यांनी मेंदूत दोन प्रकारची कामं चालतात असं मांडलं. एक उद्दीपन, म्हणजे प्रतिसाद द्यायला लावणारं. दुसरं निरोधन, म्हणजे प्रतिसाद आवरून धरणारं. गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणा.

हे दोन्ही एकाच वेळी ताणले तर काय होतं, ते १९१४ च्या सुमारास त्यांच्या सहकारी शेंगर-क्रेस्तोव्हनिकोवा यांच्या प्रयोगात दिसलं. कुत्र्याला वर्तुळ दाखवलं की अन्न मिळे, लंबवर्तुळ दाखवलं की मिळत नसे. कुत्रा हा फरक लवकर शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं. त्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण ९ ला ८ इतकं झाल्यावर कुत्र्याला फरक नीट ओळखता येईना. तीन आठवडे प्रयत्न चालू राहिले आणि मग एरवी शांत असणारा तो कुत्रा किंचाळू लागला, अंगावरची उपकरणं चावून तोडू लागला, आधी सहज येणारी सोपी ओळखही विसरला. त्याला कुणी मारलं नव्हतं की उपाशी ठेवलं नव्हतं. न सुटणाऱ्या पेचाने तो कोलमडला होता. पाव्हलॉव्ह यांनी याला प्रायोगिक मज्जाविकृती असं नाव दिलं.

मात्र सगळेच कुत्रे असे कोलमडत नव्हते. ही गोष्ट नोंदवहीत जमा होत राहिली. तेवढ्यात महायुद्ध झालं, क्रांती झाली आणि पेट्रोग्राडमध्ये दुष्काळ पडला. प्रयोगशाळेतले कुत्रे उपासमारीने मरू लागले. पाव्हलॉव्ह यांनी देश सोडायची परवानगी मागितली. बोल्शेविकांवर उघड टीका करणारा हा नोबेल विजेता परदेशी जाऊ नये म्हणून जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांच्या सहीने खास हुकूम निघाला आणि त्यांच्या संशोधनाची सगळी सोय करण्यात आली. टीका काही थांबली नाही.

२३ सप्टेंबर १९२४

पेट्रोग्राडचं नाव त्या वर्षी लेनिनग्राड झालं होतं. हे शहर नेवा नदीच्या मुखाशी सखल बेटांवर वसलेलं आहे. पश्चिमेकडून वादळी वारा सुटला की फिनलंडच्या आखातातलं पाणी नदीत उलटं लोटलं जातं आणि शहर बुडतं. १८२४ मध्ये असा भीषण पूर आला होता. बरोबर शंभर वर्षांनी, २३ सप्टेंबर १९२४ रोजी पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा ३ मीटर ८० सेंटिमीटर वर चढलं.

पाव्हलॉव्ह यांची संस्था अशाच एका बेटावर होती. कुत्र्यांच्या कोठीत पाणी शिरलं आणि पिंजऱ्यांच्या छतापर्यंत चढत गेलं. कुत्रे नाक वर धरून पोहत होते. राखणदार धावत आले तेव्हा वेगळीच अडचण पुढे आली. पिंजऱ्यांची दारं खाली, पाण्याच्या आत होती. कुत्र्याला बाहेर काढायचं तर त्याचं डोकं आधी पाण्याखाली दाबावं लागत होतं. जीव वाचवणारा हातच बुडवतो आहे, असा तो अनुभव. त्यानंतर वादळात, लाटांमधून पोहवत त्यांना मुख्य इमारतीत नेलं आणि एरवी एकमेकांवर गुरगुरणारे कुत्रे तिथे एकत्र ठेवले.

काही दिवसांनी प्रयोग पुन्हा सुरू झाले. वरून पाहता कुत्रे ठीक होते. खात होते, धावत होते. पण स्पेरान्स्की आणि रिकमान या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की काही कुत्र्यांमधली वर्षानुवर्षं पक्की झालेली अभिसंधित प्रतिक्रिया नाहीशी झाली आहे. मेट्रोनोम वाजतो, लाळ येत नाही. समोर अन्न ठेवलं तर तोंड फिरवतात. बाकीचे कुत्रे मात्र पूर आलाच नव्हता असे वागत होते. हे सगळे त्याच पाण्यातून आणि त्याच दारातून बाहेर आले होते.

स्पेरान्स्की यांच्या कुत्र्याची हकीकत विशेष आहे. पाव्हलॉव्ह यांच्या पद्धतीत कुत्रा खोलीत एकटा असे आणि संशोधक बाहेरून पाहत असे. हा कुत्रा एकटा असताना काहीच प्रतिसाद देईना. पण ओळखीचा संशोधक आत येऊन नुसता शेजारी बसला की हरवलेला प्रतिसाद परत येऊ लागला. पुढे तर त्याचे कपडे खोलीत ठेवले तरी थोडा फरक पडत असे. अशा सोबतीने कुत्रा हळूहळू सावरला.

तो पूर्ण बरा झाला असं वाटल्यावर आणखी एक चाचणी घेण्यात आली. दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली. नुसता ओघळ, पंजे भिजतील इतकाच. कुत्रा ताडकन उठला, धापा टाकू लागला, सुटायची धडपड करू लागला आणि सावरलेले सगळे प्रतिसाद पुन्हा पुसले गेले. भयंकर प्रसंग संपतो, पण त्याची एखादी किरकोळ खूण तो पुन्हा जागा करते, हे आज आघातोत्तर तणावाबद्दल सांगितलं जातं. पत्र्यावरच्या पावसाने उठून बसणाऱ्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

प्रकृती की पालनपोषण

आता मुख्य प्रश्न होता तो कोणते कुत्रे कोलमडले याचा. पाव्हलॉव्ह यांनी जुन्या नोंदी पाहून वर्गवारी करायला घेतली आणि ती हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या चार प्रकृतींशी जाऊन मिळाली. आपल्याकडे वात-पित्त-कफ प्रकृतीची कल्पना आहे, तशीच ही ग्रीक कल्पना. पाव्हलॉव्ह यांनी तिला मोजता येतील असे तीन निकष दिले. मज्जासंस्था किती जोरदार उद्दीपन सहन करते, म्हणजे बळ. उद्दीपन आणि निरोधन यांचा तोल किती. आणि एका स्थितीतून दुसरीत ती किती चटकन जाते, म्हणजे चापल्य. बळ कमी असलेला एक प्रकार. बळ आहे पण आवर नाही, असा तापट प्रकार. आणि बळ व तोल दोन्ही असलेले दोन प्रकार, एक चपळ आणि एक संथ. मोडून पडण्याचा धोका पहिल्या दोघांना जास्त, असं त्यांना दिसलं. तेही उलट्या दिशांनी. दुबळा गोठतो आणि गप्प होतो, तापट बेफाम होतो.

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठांना हे ओळखीचं वाटेल. खंडोबा तालीम असो की शिवाजी तरुण मंडळ, शाहू स्टेडियमवरच्या अटीतटीच्या सामन्यात पेनल्टी मारायला कुणाला पाठवायचं हे नुसत्या पायाच्या ताकदीवर ठरत नाही. कुणाचे पाय गळतात, कुणी अंगात आल्यासारखा चेंडू आभाळात मारतो आणि कुणी नेहमीच्या सरावासारखा चालत जाऊन कोपऱ्यात ठेवतो.

इथपर्यंत पाव्हलॉव्ह यांची मांडणी तुमच्या-आमच्या समजुतीला धरूनच होती. भित्रा तो दुबळा, आणि दुबळा तो जन्मतःच. शेपूट पोटात घालून भिंतीकडेने सरकणारे, प्रत्येक आवाजाला दचकणारे कुत्रे त्यांनी सरळ दुबळ्या गटात टाकले होते. मग काही कुत्रे या चौकटीत बसेनात. जिन्यावर, बोळात थरथरणारा कुत्रा प्रयोगाच्या टेबलावर उभा केला की भक्कम काम करायचा, जोरदार उद्दीपन सहन करायचा. म्हणजे भित्रेपणा आणि दुबळेपणा एकच नव्हते.

हा गुंता त्यांचे सहकारी व्हिर्झिकोव्हस्की आणि मायोरोव्ह यांच्या प्रयोगाने सुटला. त्याचे निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेताची पिल्लं घेऊन त्यांचे दोन गट केले. अर्धी जन्मापासून पिंजऱ्यात वाढवली, अर्धी मोकळी सोडली. मोठी झाल्यावर पिंजऱ्यातली पिल्लं घाबरट निघाली. नवी जागा, नवा माणूस, साधा आवाज, कशानेही जमिनीला चिकटून बसायची. मोकळ्या भावंडांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. आणि मज्जासंस्थेचं बळ मोजलं तेव्हा पिंजऱ्यातली पिल्लं दुबळी निघाली नाहीत. आईबाप तेच, वेत तेच, बळही कमी नाही. भीती पिंजऱ्याने शिकवली होती.

पाव्हलॉव्ह यांनी आपलं मत बदललं. जन्मजात प्रकृती वेगळी आणि आयुष्याने घडवलेला स्वभाव वेगळा, प्रत्यक्ष वागणं हे दोन्हींचं मिश्रण, असं ते सांगू लागले. ऐंशीच्या घरातल्या जगप्रसिद्ध माणसाने स्वतःची वर्गवारी अशी मोडावी, हे सोपं नाही. याआधीही त्यांनी हे केलं होतं. उंदरांमध्ये शिकलेल्या सवयी पुढच्या पिढीत उतरतात, असा त्यांच्या प्रयोगशाळेतला निष्कर्ष त्यांनी १९२३ मध्ये जाहीर भाषणांत सांगितला आणि तो टिकत नाही असं दिसल्यावर १९२७ मध्ये जाहीरपणे मागे घेतला. लेनिनग्राडजवळच्या कोल्तुशी गावात सरकारी पैशातून त्यांच्यासाठी उभारलेल्या नव्या केंद्रात आनुवंशिकतेचा प्रणेता मेंडेल याचा पुतळा बसवण्यात आला. अनुवंश आणि संगोपन यांचे वाटे वेगळे करून पाहायचे, हेच त्या केंद्राचं काम होतं.

पिंजऱ्यातला देश

स्वतः पाव्हलॉव्ह कोणत्या प्रकारचे होते? सहकाऱ्यांना विचारण्याची गरजच नव्हती. शस्त्रक्रियेत कुणी चूक केली की ते भडकत, आरडाओरडा करत आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही असे कामाला लागत. १९२७ मध्ये पित्ताशयातल्या खड्यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. नंतर काही काळ छातीत विचित्र धडधड होत राहिली. हृदय धडधाकट होतं. हा आपल्या मज्जासंस्थेचा त्रास आहे असं ताडून त्यांनी स्वतःवरच शास्त्रीय टिपण लिहिलं. रुग्णही तेच आणि निदान करणारेही तेच.

भीतीचा विषय त्यांच्यासाठी प्रयोगशाळेपुरता उरला नव्हता. पुराच्याच सुमारास लष्करी वैद्यकीय अकादमीतून पाद्र्यांच्या मुलांना काढून टाकण्यात आलं. आपणही पाद्र्याचाच मुलगा आहोत, असं कारण देऊन पाव्हलॉव्ह यांनी तिथलं प्राध्यापकपद सोडलं. १९३४ च्या अखेरीस अटकसत्र वाढलं तेव्हा त्यांनी सरकारला पत्र लिहिलं. सतत मरणाच्या भीतीखाली ठेवलेल्या माणसांत मानवी प्रतिष्ठा टिकत नाही, अशा आशयाचं ते पत्र होतं. पकडलेल्या काहींच्या सुटकेसाठीही त्यांनी रदबदली केली. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांचे निष्कर्ष तेव्हा नुकतेच छापून आले होते. अर्थात हेही खरं की, असं लिहूनही सुखरूप राहण्याची सवलत त्या देशात फार थोड्यांना होती आणि त्यांची नवी प्रयोगशाळा त्याच सरकारच्या पैशावर उभी होती.

त्यांच्या मांडणीतलं सगळंच टिकलं नाही. मेंदूत उद्दीपन आणि निरोधनाच्या लाटा पसरतात हे चित्र आजचं मज्जाशास्त्र मानत नाही. कुत्र्यांवरून थेट मनोरुग्णांपर्यंत त्यांनी जी उडी मारली ती घाईची होती. मृत्यूनंतर तर त्यांच्या नावाचा धर्मग्रंथ केला गेला. १९५० मध्ये मॉस्कोत भरवलेल्या अधिवेशनात पाव्हलॉव्ह यांच्या शिकवणीपासून ढळल्याचे आरोप ठेवून चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांना बाजूला सारलं गेलं. चुकलेलं मत जाहीरपणे मागे घेणाऱ्या माणसाच्या नावाने हे व्हावं, ही मोठी विसंगती.

माणसामाणसांतला फरक मोजण्याचा प्रश्न मात्र जिवंत राहिला. रशियात तेपलॉव्ह आणि नेबिलित्सिन, पोलंडमध्ये यान स्त्रेलाऊ, इंग्लंडमध्ये हान्स आयझेंक आणि जेफ्री ग्रे यांनी तो माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेला. भीतीची खूण सुरक्षित वातावरणात, थोडी थोडी करून पुन्हा समोर आणायची, ही आजची उपचारपद्धतीही अभिसंधानाच्या संशोधनातून वाढली आहे.

ऑगस्ट १९३५ मध्ये लेनिनग्राडमध्ये शरीरशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ८५ वर्षांचे पाव्हलॉव्ह तिचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी, जिथे पुराचं पाणी शिरलं होतं त्या संस्थेच्या आवारात, कुत्र्याचं एक स्मारक उभारलं गेलं. पुढच्या वर्षी २७ फेब्रुवारीला न्यूमोनियाने पाव्हलॉव्ह यांचा मृत्यू झाला. स्मारक अजून तिथे आहे. उंच चौथऱ्यावर एक कुत्रा बसलेला आहे आणि त्याच्या खाली गोलाकार बसवलेल्या कुत्र्यांच्या मुखांतून पाणी गळावं अशी रचना केलेली आहे.